पापणीचा र

चार सर्टिफिकेटं टेबलावर शेजारी शेजारी मांडून मी आणि माझा हवालदार त्यांच्याकडे बघत बसलो होतो, ती दुपार अजून माझ्या मनातून गेलेली नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, बंदोबस्तात दगडही खाल्ले. पण कोणी एखादी केस सांगा म्हटलं की माझ्या तोंडी हीच येते. त्या चार कागदांपायी एक निर्दोष माणूस मी जवळजवळ आत टाकला होता, आणि तोही त्याच्याच तोंडच्या कबुलीवर.

यातली माणसं आजही नवी मुंबईतच राहतात. म्हणून माणसाचं, संस्थेचं किंवा पोलीस ठाण्याचं नाव लिहीत नाही.

माझ्याबद्दल एवढंच सांगतो की आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट मी. वडील वर्कशॉपमध्ये हेल्पर, आई सही करायला माझ्याकडून शिकली. मराठी विषय घेऊन बी.ए. झालो आणि खात्यात आलो, तेव्हा ट्रेनिंगमधली मुलं म्हणायची, "मराठीत बी.ए. करून तू चोर पकडणार, का त्यांना कविता म्हणून दाखवणार?" मी हसण्यावारी न्यायचो. पण पदवीचा अभिमान तेव्हा होता आणि आजही आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

त्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास ठाणे अंमलदाराने एक फोन माझ्याकडे दिला. बोलणारी बाई सीवूड्सच्या एका खाजगी वृद्धाश्रमात मुख्य नर्स होती.

"साहेब, तक्रार नाही द्यायची, फक्त माहिती द्यायचीय. आमच्याकडे नवीन लागलेल्या एका बाईने काल एका आजोबांच्या हाताला बीपीचा पट्टा उलटा बांधला. विचारलं, ट्रेनिंग कुठे झालं? तर कोपरखैरण्याच्या संस्थेचं नाव सांगते, सर्टिफिकेट काढून दाखवते. साहेब, त्या संस्थेत प्रॅक्टिकलची परीक्षा घ्यायला मी स्वतः जाते. ही बाई मी जन्मात बघितलेली नाही."

"सर्टिफिकेट खोटं वाटतं?"

"तेच तर टेन्शन आहे. सर्टिफिकेट एकदम खरं वाटतं."

पट्टा उलटा बांधल्याने कोणी मरत नाही. पण त्याच बाईच्या हातात आठवड्याभरात इन्सुलिनची सुई येणार होती. मी साध्या वेषात सीवूड्सला जाऊन आलो. तिथे दोन आणि आसपासच्या दोन ठिकाणी एकेक, अशी चार संशयास्पद सर्टिफिकेटं मिळाली. चारही रुग्णसेवेच्या कोर्सची. मजकूर छापील, लाल वेलबुट्टीची चौकट, आणि मध्यभागी उमेदवाराचं नाव मोठ्या, वळणदार अक्षरात. ते अक्षर इतकं देखणं होतं की माझा हवालदार म्हणाला, "साहेब, असलं सर्टिफिकेट मिळणार असेल तर मी पण बीपी मोजायला शिकतो."

कोपरखैरण्याला संस्थेत गेलो. संस्था तशी चांगली, गरीब घरच्या बायकांना कामाचं शिक्षण देणारी. संचालक घाबरून गेले. तिथल्या क्लार्कने न मागता रजिस्टर काढून समोर ठेवलं. चारही नंबर रजिस्टरला नव्हते.

"आमची पद्धत जुनी आहे," संचालक म्हणाले. "मजकूर प्रेसमधून छापून येतो, पण नाव आम्ही हाताने लिहून घेतो. त्याची नक्कल होत नाही. लिहिणारा माणूस पहिल्यापासून एकच आहे."

मागून क्लार्क बोलला, "काकांचंच अक्षर आहे, साहेब. लांबून ओळखू येतं."

न विचारता पुढे होऊन बोलणाऱ्या माणसावर जरा नजर ठेवावी, असं मी नव्या पोरांना नेहमी सांगायचो. त्या दिवशी मीच ते विसरलो.

काकांना निरोप पाठवला, तर तासाभरात ते चालत ठाण्यात हजर झाले. वय पासष्टच्या पुढे, पांढरा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी, उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला न जाणारी शाई. मूळचे साताऱ्याकडचे. तरुणपणी बाजारात गोण्यांवर व्यापाऱ्यांचे मार्के रंगवायचे. तिथून दुकानांच्या पाट्यांवर आले. फ्लेक्स आला तशा पाट्या गेल्या. आता सर्टिफिकेटं, मानपत्रं, एखाद्या सोसायटीचा नावांचा बोर्ड, एवढंच काम उरलं होतं. बायको वारलेली, घरात एक मुलगी.

मी चारही कागद त्यांच्यासमोर ठेवले. "काका, हे ओळखता?"

त्यांनी चष्मा लावला. नावं वाचली नाहीत, नुसती अक्षरं बघितली. 'श्री'च्या शेपटीवरून हवेतच बोट फिरवलं, कागदाला न लावता. दुसरा कागद घेतला, तिसरा घेतला. मग चारही कागद कडेला कड लावून नीट रचून ठेवले आणि पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले,

"मीच लिवलंय, साहेब."

"चारही?"

"चारी."

"संस्थेने लिहायला दिली होती?"

"न्हाय. भाईरचं काम म्हणून केलं."

"काम कोणी आणलं?"

"आठवत न्हाय."

"कोरी सर्टिफिकेटं कुठून मिळाली?"

"मिळाली कुठनं तरी." त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "साहेब, लिवलं मी, गुन्हा माझा. लिवून घ्या आन् काय करायचं ते करा."

मी बाहेर आलो. हवालदार खूश. "साहेब, असा आरोपी वर्षातून एक जरी मिळाला ना, तरी आपल्या दोघांच्या बीपीच्या गोळ्या बंद होतील."

मीही खूश होतो, खोटं कशाला सांगू. वरिष्ठांना फोन करून सांगूनही टाकलं की आरोपी मिळाला, कबुली दिली. पोलिसासमोरची कबुली कोर्टात पुरावा म्हणून उभी राहत नाही, हे शिपायालाही पाठ असतं. तरी ती मिळाली की डोक्यातलं चाक थांबतं. मग माणूस शोधत नाही, नुसते कागद जमवायला लागतो.

पण दोन गोष्टी टोचत होत्या. खोटी कागदपत्रं करणारा माणूस पकडला गेला की सगळ्यात आधी विचारतो, "साहेब, किती वर्षं?" काकांनी शिक्षेचं विचारलंच नाही. विचारलं ते एकच.

"माज्या घरी यायची गरज न्हाय न्हवं?"

मी तेव्हा अर्थ काढला की कोरी सर्टिफिकेटं घरात असणार.

झडतीआधी हस्ताक्षराचा नमुना घ्यायचा ठरवलं. तज्ज्ञाकडे पाठवायला तो लागतोच. समोरचा झेरॉक्सवाला आणि मेडिकलवाला यांना पंच म्हणून बोलावलं. काकांना सांगितलं, सर्टिफिकेटांवरची चारही नावं मी वाचतो, तुम्ही प्रत्येक नाव वेगळ्या कागदावर लिहा. मी साधं पेन दिलं तर त्यांनी ते बाजूला सारलं.

"ह्येनं न्हाय व्हायचं. माजी लेखणी हाय पिशवीत."

पिशवीतून तिरप्या कापलेल्या निबची लेखणी आणि शाईची बाटली निघाली. काका खुर्चीच्या कडेवर सरकून बसले, कागद थोडा तिरका केला, आणि आमच्या त्या कळकट टेबलावर अक्षरं उमटायला लागली. खाली येताना जाड, वळताना रेशमासारखी बारीक, आणि शेवटच्या अक्षराची शिरोरेघ किंचित वर उचललेली. झेरॉक्सवाला हळूच म्हणाला, "काका, माझ्या पोरीच्या साखरपुड्याची पाटी लिहून द्याल?"

"पंच आहेस तू, गिऱ्हाईक नाहीस," हवालदाराने त्याला गप्प केलं.

तिसरं नाव आलं. ते आडनाव इथे लिहीत नाही, पण कऱ्हाड या गावाच्या नावात जे जोडाक्षर येतं तेच त्या आडनावात होतं. काकांनी लिहिलं. मी सर्टिफिकेटाशी ताडून बघितलं आणि थांबलो.

ज्यांना शाळेतलं व्याकरण आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मराठीत अर्धा र दोन तऱ्हांनी लिहितात. एक रफार, तो अक्षराच्या डोक्यावर बसतो, 'सूर्य'सारखा. दुसरा आडवा, पुढच्या अक्षराला बाजूने चिकटणारा, 'दऱ्या'तला. 'आचार्यांना बोलवा' म्हटलं तर गुरुजी येतात आणि 'आचाऱ्यांना बोलवा' म्हटलं तर स्वयंपाकी. कॉलेजात आमच्या सरांनी या फरकावर अख्खा तास घेतला होता आणि आम्ही मागच्या बाकावर हसलो होतो.

काकांनी कागदावर आडवा र लिहिला होता, बरोबर जसा हवा तसा. सर्टिफिकेटावर मात्र 'ह'च्या डोक्यावर रफार होता, 'कर्हाड' लिहावं तसा.

"काका, इथे तुम्ही असं का लिहिलंत?"

त्यांनी सर्टिफिकेट डोळ्यांजवळ नेलं. पहिल्यांदा त्यांचं लक्ष त्या अक्षराकडे गेलं होतं. कान लाल झाले.

"असं मी लिवीन व्हय?" काका ताठ बसले. "साहेब, चाळीस वर्सं लिवतोय मी. ह्यो पापणीचा र हाय. ह्यो कुनाच्या डोक्यावर चढत न्हाय, बाजूला लवून बसतो, डोळ्याच्या पापणीवानी. डोक्यावर रफार दिला की वाचणाऱ्याची जीभ अडाकती. बाईच्या आडनावाची माती केली की ही."

"म्हणजे हे तुम्ही लिहिलेलं नाही."

काका एकदम खाली बघायला लागले. "चुकून झालं आसंल," पुटपुटले.

पण तीर सुटला होता. मघाशी गुन्हा स्वतःच्या अंगावर घेताना ज्या माणसाचा आवाज हलला नव्हता, तो एक चुकीचा रफार अंगावर घ्यायला तयार नव्हता.

मी चारही सर्टिफिकेटं घेतली आणि खिडकीशी गेलो. चारही नावांच्या आधी 'श्रीमती' होतं. काचेवर एक कागद धरला, त्यावर दुसरा ठेवला. ऊन मागून येत होतं. एक 'श्रीमती' दुसऱ्या 'श्रीमती'वर अशी बसली की जणू शब्द एकच आहे. तिसरा कागद, चौथा कागद, केसाचा फरक नाही. मग काकांनी आत्ता लिहिलेले तीन 'श्रीमती' तसेच धरून पाहिले. एकही दुसऱ्यावर बसेना. एकीची वेलांटी उंच, एकीची शेपटी आखूड. माणसाचा हात असाच चालतो, स्वतःची सहीसुद्धा तो दोनदा सारखी करत नाही.

परत येऊन त्यांच्यासमोर बसलो. "काका, अक्षर तुमचं आहे, पण हात तुमचा नाही. हे कॉम्प्युटरवर केलेलं काम आहे. तुमचं अक्षर कॉम्प्युटरमध्ये कोणी घातलं?"

त्यानंतर त्यांनी तोंडच उघडलं नाही. चहा आला, निवून साय धरली.

चारच्या सुमारास त्यांची मुलगी आली. शेजारणीकडून कळलं म्हणे. पंचविशीतली, गळ्यात ऑफिसचं कार्ड तसंच लटकलेलं. तुर्भ्याला एका डिझाइनच्या ऑफिसात कामाला होती.

"बाबा, फोन का नाही उचलत तुम्ही? काय झालंय?"

"तू घरला जा," काका म्हणाले. त्या दोन तासांतले त्यांचे हे पहिले शब्द. "तुजं हितं काय बी काम न्हाय."

"असं कसं काम नाही? सर, काय केलंय यांनी?"

मी काही बोलायच्या आत तिची नजर टेबलावर गेली. तिच्या चेहऱ्यावर चक्क ओळखीचं हसू आलं. "अरे, हा तर 'बाबा' आहे."

हवालदार काकांकडे बोट दाखवून म्हणाला, "हो, तेच बाबा. सकाळपासून इथेच आहेत."

"नाही हो, हा फॉन्ट. मी बनवलाय. नाव 'बाबा' ठेवलंय."

काकांनी दोन्ही हातांनी कपाळ धरलं. "पोरी, गप ऱ्हा. काय बी बोलू नगंस."

मुलीला काही कळेना. मी तिला खुर्ची दिली आणि विचारलं. तिने सगळं सरळ सांगितलं, कारण तिच्याकडे लपवायला काही नव्हतंच. पाट्यांचं काम बंद झाल्यावर वडील घरात बसून कुढायचे. तिला वाटलं, यांचं अक्षर वाया जाऊ नये. तिने त्यांच्याकडून मोठ्या कागदांवर अक्षरं लिहून घेतली, स्कॅन केली, ऑफिस सुटल्यावर बसून एकेक अक्षर कॉम्प्युटरवर साफ केलं. वर्षभर चाललं ते. मग इंटरनेटवर फुकट ठेवून दिलं, कोणीही घ्यावं आणि वापरावं म्हणून.

"लोक एवढं वापरतात, सर, हे बघा." तिने मोबाइल पुढे केला. लग्नपत्रिका, हळदीकुंकवाचं आमंत्रण, करंजाड्यातल्या एका मिसळीच्या हॉटेलचा बोर्ड, साडीच्या दुकानाची पिशवी, नव्या बिल्डिंगमधल्या फ्लॅटची नेमप्लेट, लोणच्याच्या बाटलीवरचं लेबल. माझ्या पुतण्याच्या लग्नाची पत्रिकाही याच अक्षरात होती, ते मला तेव्हा उमगलं. "मोठं वापरायचं, सर. नाव, मथळा, दोन ओळींच्या शुभेच्छा. लोक अख्खा मजकूर यातच टाकतात ना, ते चुकीचं आहे. बाबांचं अक्षर गर्दीत गुदमरतं."

"आणि हा?" मी तिसरं सर्टिफिकेट पुढे केलं आणि त्या रफारावर बोट ठेवलं.

तिने जीभ चावली. "तो नाहीये त्यात. बाबांनी मुळाक्षरं लिहून दिली, अख्खी बाराखडी दिली, क्ष, ज्ञ, त्र, श्र सगळं दिलं. रफार पण आहे. पण हा र बाराखडीत येतच नाही ना, सर. त्यामुळे लिहायचाच राहिला. आता फॉन्टमध्ये तो टाइप केला की नुसता चौकोन येतो. मग लोक साधा रफार देऊन वेळ मारून नेतात. मी टाकणार होते नंतर."

आम्ही सगळेच बाराखडी घोकून मोठे झालेलो. ज्या अक्षराशिवाय कऱ्हाड आणि सह्याद्रीच्या दऱ्या लिहिता येत नाहीत, ते आमच्या बाराखडीच्या तक्त्यावर नसतं, हे मराठीचा बी.ए. असून माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

"कोणी तक्रार केली होती का याबद्दल?" मी विचारलं, सहज म्हणून.

"एकाने केली होती. मेसेज आला होता, थांबा." तिने मोबाइल चाळला आणि माझ्या हातात दिला.

मेसेज असा होता: मॅडम, तुमचा फॉन्ट फार सुंदर, पण जोडलेल्या फोटोतला आडवा र येत नाही, कृपया लवकर दुरुस्त करावा, अर्जंट आहे. सोबत स्क्रीनचा फोटो. फोटोत 'श्रीमती', त्यापुढे नाव, आडनावाच्या मध्येच एक रिकामा चौकोन. तेच आडनाव. आणि कोपऱ्यात लाल वेलबुट्टीची चौकट. खाली मुलीचं उत्तर: धन्यवाद, पुढच्या व्हर्जनमध्ये नक्की टाकते.

मेसेज ज्या नंबरवरून आला होता तो शोधायला कुठे जावं लागलं नाही. संस्थेच्या क्लार्कने सकाळी मला स्वतःचं कार्ड दिलं होतं. ते माझ्याच टेबलावर काचेखाली होतं.

हवालदाराने तो मेसेज पुन्हा एकदा वाचला. "साहेब, हा पहिला चोर बघितला जो मालाची तक्रार करतो."

क्लार्कला संध्याकाळी आणलं. सुरुवातीला छाती काढून बसला होता. "काकांनीच लिहिलंय, साहेब, मी सकाळीच बोललो." मी त्याला फोन नंबर विचारला, त्याने सांगितला. मग तो मेसेज वाचून दाखवला.

"ते एका लग्नाच्या पत्रिकेसाठी होतं, साहेब."

"नवरी रुग्णसेवेचा कोर्स करून बोहल्यावर चढणार होती काय?" मी फोटोतली लाल चौकट दाखवली.

तो एकदम विरघळला. "ती बाई ऐकतच नव्हती हो. आडनाव चुकलंय, दुरुस्त करून द्या, म्हणून रोज फोन. मी म्हटलं, चालतं, कोण बघतंय. तर म्हणे, आमच्या घरातलं पहिलंच सर्टिफिकेट आहे, त्यावर आमचं नाव तरी नीट पाहिजे."

ते वाक्य मला लागलं. त्या बाईला सर्टिफिकेट खोटं आहे हे माहीत होतं, पण त्यावरचं आडनाव तिला खरं हवं होतं. अशी माणसं मी हसण्यावारी नेऊ शकत नाही. पुढे मी चारही बायकांना साक्षीदार केलं. सीवूड्सच्या त्या मुख्य नर्सने त्यांच्यापैकी दोघींना संस्थेत रीतसर कोर्सला बसवलं. आडनाव चुकलेली बाई त्यात होती.

बाकी काम नेहमीचं. क्लार्कच्या घरचा कॉम्प्युटर आणि प्रिंटर पंचनामा करून जप्त केला. प्रेसला संस्थेच्या नावाने जास्तीची ऑर्डर देऊन छापून घेतलेली कोरी सर्टिफिकेटं त्याच्या कपाटात सापडली. गुन्हा दाखल झाला, आरोपीला अटक झाली. वरिष्ठांना दुसरा फोन करून सकाळची खुशखबर मागे घ्यावी लागली. त्यांनी मला जे ऐकवलं ते इथे छापण्यासारखं नाही, पण चूक माझी होती.

काकांचा नवा जबाब घेतला. मी त्यांना विचारलं, "खोटं का बोललात?"

त्यांनी मुलीकडे बघितलं नाही. "कागद बघितला आन् कळलं की ह्ये माज्या हातचं न्हाय. आन् माजं अक्षर मशिनीत कुणाकडं हाय? एका हिच्याकडं. मला काय ठावं, ते जगाला वाटून टाकलंय म्हणून. म्हटलं, पोरीचं लगीन व्हायचंय, नोकरी हाय. माजं काय ऱ्हायलंय आता? बसतो आत."

मुलगी उभीच होती. मला वाटलं आता रडेल, वडिलांना मिठी मारेल. तसं काही झालं नाही.

"म्हणजे तुम्हाला वाटलं, मी केलं हे," ती म्हणाली.

"तसं न्हवं."

"तसंच आहे, बाबा. तुम्हाला वाटलं, मी खोटी सर्टिफिकेटं करून विकते. एकदा विचारायचं तरी. मी समोर उभी होते की, तेव्हा पण घरी जा म्हणालात."

"इचारायचा धीर झाला न्हाय," काका म्हणाले. "तू हो म्हणली असतीस तर?"

हवालदार उगाचच फाइल शोधायला बाहेर गेला. तिने वडिलांची पिशवी उचलली, शाईच्या बाटलीचं झाकण घट्ट बसलंय का ते बघितलं, आणि म्हणाली, "चला. सकाळपासून जेवला नसाल."

दोघं गेली. ती पुढे, काका दोन पावलं मागे.

कोर्टात ती साक्षीला आली तेव्हा मी विचारलं, बाबा कसे आहेत? म्हणाली, बरे आहेत, आता फॉन्टमध्ये काय काय राहिलंय ते रोज शोधून काढतात आणि मला झोपू देत नाहीत. पापणीचा र आला होता. संस्थेने नावं लिहायचं काम काकांकडेच ठेवलं.

मला या केसने जे शिकवलं ते कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत. गुन्हेगार खोटं बोलतो, हे गृहीत धरूनच आम्ही समोर बसतो. पण निर्दोष माणूसही खोटं बोलतो, आणि गुन्हेगारापेक्षा जास्त ठामपणे बोलतो, कारण त्याला स्वतःसाठी काही मिळवायचं नसतं. काकांनी मला जे सांगितलं त्यात प्रेम होतं, आणि त्याच्या तळाशी पोटच्या पोरीबद्दलचा संशय होता. दोन्ही एकाच माणसात एकाच वेळी असू शकतात, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा एवढ्या जवळून बघितलं. आणि अशी कबुली घेऊन फाइल बंद करणारा पोलीस सुटकेचा श्वास टाकत घरी जातो, त्याला वाटतं आपण न्याय केला.

त्यानंतर नोकरीची जी काही वर्षं उरली होती, त्यात एक सवय लावून घेतली. समोर बसलेल्या माणसाने पहिल्या दहा मिनिटांत "मीच केलं" म्हटलं, की मी पेन खाली ठेवायचो आणि विचारायचो, "घरी कोण कोण असतं?"